मैत्रिणींचा निरोप घेऊन एकटीनं महिपाळगड: जायचं की नाही?

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा: "वय 57. कॉलेजची वर्षं बेळगावात हॉस्टेलवर काढली. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही सहा जणी टिळकवाडीत एकीच्या घरी जमणार आहोत. रविवारी दुपारचं जेवण झालं की सगळ्या पांगणार. माझी परतीची बस रात्री साडेआठची. मधल्या वेळात देवरवाडीचा वैजनाथ करून महिपाळगडावर एकटीनं चढून यावं असं मनात आहे. रोज सकाळी सपाटीवर पाच किलोमीटर चालते. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. बीपीची गोळी सुरू आहे. मुलगी म्हणते, एकट्या बाईनं डोंगरात कशाला जायचं? मैत्रीण म्हणते, शेजारचा मुलगा सोबत देते. मला सोबत नको आहे. इतक्या वर्षांनी सगळ्यांना भेटल्यावर थोडं एकटीनं चालावंसं वाटतं. हा वेडेपणा आहे का?"

ताई, वेडेपणा मुळीच नाही. दोन दिवस सहा जणींच्या गप्पा, हसणं, मध्येच कुणाच्या तरी आठवणीनं सगळ्यांचं गप्प होणं, हे झाल्यावर एकटं चालावंसं वाटणं अगदी साहजिक आहे. तेव्हा जा. सोबत नको असेल तर ती घेऊही नका. शेजारचा मुलगा त्याच्या चालीनं चढणार, त्याला थांबायला लागू नये म्हणून तुम्ही भरभर पावलं टाकणार, आणि त्याचा हिशेब उतरताना गुडघा मागणार. पण रविवारी दुपारी जेवून निघायचा बेत मात्र सोडा. तुमच्या बेतात खोट आहे ती वेळेची.

जरा घड्याळ लावून बघू. जेवण एक वाजता ठरलेलं असलं तरी सहा मैत्रिणी पानावर बसायला दीड-दोन वाजणार. मग विडा, फोटो, कुंद्याचे डबे पिशव्यांत भरणं, दारात उभ्यानं पुन्हा अर्धा तास. तीनच्या आत तुम्ही त्या घरातून बाहेर पडत नाही. टिळकवाडीहून हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीवरून देवरवाडीला जायला पाऊण तास धरा. म्हणजे पावणेचार. वैजनाथाचं दर्शन घेऊन चढाला लागेपर्यंत चार. सपाटीवर चालायची सवय असलेल्या माणसाला, थांबत थांबत, हा चढ सव्वा तास घेतो. सव्वापाचला वर. एवढं चढून गेल्यावर अर्धा तास तरी बसावंसं वाटणारच. पावणेसहाला उतरायला सुरुवात, आणि त्या आठवड्यात बेळगावात सूर्य मावळतो सहा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. वीस-बावीस मिनिटांत पायाखालचा दगड आणि दगडाची सावली यांतला फरक कळेनासा होतो, आणि झाडीत तर त्याआधीच. म्हणजे उतरणीचा शेवटचा टप्पा, जिथे मांड्या थकलेल्या असतात आणि गुडघा कुरकुरायला लागलेला असतो, तो तुम्ही अंधारात आणि बसची वेळ डोक्यात ठेवून उतरणार. पाय घसरायला आणखी काय लागतं?

शिवाय पोटभर जेवणानंतर दोन तासांत चढ घेऊ नये. जेवणानंतर रक्ताचा ओघ पचनाकडे वळलेला असतो आणि चढाला पायांनाही तो हवा असतो. हृदयाला दोन्हीकडे पुरवावं लागतं. बीपी असलेल्या माणसानं हा ताण मुद्दाम ओढवून घ्यायचं कारण नाही.

त्यामुळे एक रात्र वाढवा आणि सोमवारी सकाळी जा. मैत्रिणीला आनंदच होईल. सोमवारचा आणखी एक फायदा आहे. शंकराचा वार असल्यामुळे वैजनाथाच्या देवळात सकाळपासून माणसांची ये-जा असते. एकटीनं जाताना पायथ्याशी जाग असणं मोलाचं. घरून सव्वासहाला निघा, सातला देवरवाडी. उजाडतं सातच्या आसपास, त्यामुळे चढाला लागाल तेव्हा चांगलं दिसत असेल. सव्वासातला सुरुवात, साडेआठला वर, नऊपर्यंत बसा, साडेदहाला खाली. दुपारच्या जेवणाला परत टिळकवाडीत, आणि बस सोमवारी दुपारी चारनंतरची.

मुक्काम वाढवणं अगदीच जमत नसेल, तर रविवारी दुपारी येळ्ळूरचा राजहंसगड करा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शिवाजी महाराजांचा पुतळा झाल्यापासून लोकांची वर्दळही वाढली आहे. रस्त्यानंच चढा, रस्त्यानंच उतरा, सव्वापाचला गड सोडा. बुरुजाच्या कडेवर पाय सोडून बसू नका, एवढंच. महिपाळगडाची सर त्याला येणार नाही हे मान्य, पण अर्ध्या दिवसात तेवढंच बसतं. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला एकटीनं जायचा विचार मात्र मनात आणू नका. भीमगड अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि खानापूरच्या त्या जंगलात अस्वल, गवा, बिबट्या असं सगळं आहे.

आता रविवारची रात्र. सोमवारची चाल तुम्हाला सुखाची जाणार की नाही, हे निम्मं त्या रात्री ठरतं. शनिवारी पहाटेपर्यंत गप्पा होतील, होऊ देत, त्यासाठीच तुम्ही आला आहात. रविवारी मात्र साडेआठला हलकं जेवण आणि साडेदहाला अंथरूण. दोन रात्री सलग जागून सकाळी चढणाऱ्या माणसाचा तोल जातो, आणि तो जातोय हे त्याला स्वतःला कळत नाही. पिशवी रात्रीच भरा. पाणी, गोळ्या, बॅटरी, काठी सगळं दाराशी. सकाळी मैत्रीण उठून पोहे करायला लागली तर तिला प्रेमानं थांबवा, नाहीतर पाऊण तास तिथेच गेला. निघताना दोन केळी आणि कपभर चहा पुरे. बीपीची गोळी नेहमीच्या वेळेलाच घ्या, चालायचं आहे म्हणून चुकवू नका. ती गोळी लघवी वाढवणाऱ्या प्रकारातली असेल तर त्या दिवशी पाणी आणि मीठ किती घ्यायचं, हे तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

पाणी दोन लिटर. थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक अर्धा लिटरची बाटली घेऊन निघतात आणि दहा वाजता डोकं दुखायला लागलं की ऊन लागलं म्हणतात. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. माथ्यावरून उतरायला लागताना निम्मं पाणी शिल्लक असलं पाहिजे. डॉक्टरांनी मिठाबद्दल हरकत घेतली नाही तर एका बाटलीत लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. खायला शेंगदाण्याची चिक्की आणि एखादी दशमी. कुंदा घरीच ठेवा. खवा पोटात जड होतो.

कपड्यांचं गणित बेळगावच्या थंडीत फसवं असतं. पहाटे शेतांत दव आणि धुकं, गारवा बारा-तेरा अंशांपर्यंत, क्वचित आणखी खाली. माणूस जाडजूड स्वेटर घालून निघतो. पंधरा मिनिटं चढला की घामानं आतला सुती कपडा ओला होतो, आणि माथ्यावर वारा लागला की तोच ओला कपडा हुडहुडी भरवतो. त्यासाठी अंगाला चिकटून पटकन वाळणारा, खेळाडू घालतात तसला पॉलिस्टरचा टीशर्ट, त्यावर पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, आणि पिशवीत वारा अडवणारं विंडचीटर. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. वाजत नसेल तर कपडे जास्त झाले. माथ्यावर पोचताक्षणी, घाम सुकायच्या आत, विंडचीटर आणि कानटोपी चढवा. साडी किंवा घोळदार ओढणी नको. सलवार चालेल, पण घोट्याशी अरुंद.

घोट्याशी अरुंद म्हणायचं कारण कुसळ. डिसेंबरात डोंगरउतारावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं आणि कुसळं झडायला लागलेली असतात. प्रत्येक कुसळाला पुढे सुईसारखं टोक, टोकावर मागे वळलेले बारीक केस आणि मागे पिळलेली शेपटी. दव पडलं की त्या शेपटीचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानंच ते बी जमिनीत आपणहून रुतत जातं. मोज्यात शिरल्यावरही तेच होतं. चालाल तसं ते आत सरकतं. शेपटीला धरून मागे ओढलं की शेपटी हातात येते आणि टोक कातडीजवळ राहतं. थांबा, बूट काढा, मोजा उलटा करा, आणि आतून टोक चिमटीत धरून पुढच्या दिशेनंच ओढून काढा. लोकरीचे सैल विणीचे मोजे कुसळं गोळा करतात, घट्ट विणीचे गुळगुळीत कमी. बदलायला एक जोड जवळ ठेवाच.

बूट जुने, पायात मुरलेले, पण तळाची नक्षी झिजलेली नको. नखं दोन दिवस आधी कापा. उतरताना बोटं बुटाच्या नाकाला आपटतात आणि वाढलेलं नख काळंनिळं होतं.

आता चढाबद्दल. महिपाळगडाचा माथा सुमारे 3,200 फुटांवर आहे आणि बेळगाव शहर अडीच हजार फुटांच्या आसपास, म्हणजे हा काही छाती दडपवणारा डोंगर नाही. चाल इतकी ठेवा की बाराचा पाढा मोठ्यानं, न अडखळता म्हणता येईल. 'बारा सक बहात्तर'ला दम लागला तर चाल कमी करा. दर पाच मिनिटांनी धापा टाकत थांबण्यापेक्षा एकसारखं, कंटाळवाणं वाटेल इतकं हळू चालणारा माणूस वर लवकर पोचतो. छातीत आवळल्यासारखं झालं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखायला लागलं, गार घाम फुटला, तर तिथेच बसा आणि फोन करा. ॲसिडिटी असेल म्हणून पुढे जायचं नाही. निघायच्या आधी घरीच एक चाचणी करा. चार मजले न थांबता चढून जा. वर गेल्यावर सलग वाक्य बोलता आलं तर ठीक. नाही आलं तर आधी डॉक्टर, मग डोंगर.

वाट चुकण्याचं इथलं मुख्य कारण म्हणजे गुरांच्या वाटा. माणसाची वाट वर जाते, गुरांची वाट उताराला आडवी, चाऱ्याच्या मागे. चढताना फरक कळतो, कारण वर जायचं हे माहीत असतं. उतरताना मात्र प्रत्येक फाट्यावर दोन्ही वाटा सारख्याच दिसतात आणि पाय आपोआप सोप्या वाटेकडे वळतो. उपाय सोपा आहे. चढताना प्रत्येक फाट्यावर मागे वळा, परतताना जे दिसणार आहे ते बघून घ्या आणि त्याच दिशेचा फोटो काढा. समोरच्या वाटेचा फोटो उतरताना कामाचा नाही. या गडावर गाव नांदतं आहे, तिथपर्यंत रस्ता आहे, ही एकटीनं जाणाऱ्यासाठी मोठीच सोय. पायवाट सुटली, धुकं उतरलं, गुडघा रुसला, तर गावात जा आणि डांबरी रस्त्यानं उतरा, किंवा तुम्हाला सोडायला आलेल्या गाडीलाच वर बोलवा. पायवाटेनंच उतरलं पाहिजे असा हट्ट नको. वर कातळात खोदलेली मोठी विहीर आहे, ती आवर्जून बघा, पण कठड्यावरून वाकून नव्हे.

उतरणीवर जरा जास्त लिहितो, कारण तुमचा गुडघा चढताना काही बोलणार नाही, बोलणार तो उतरताना. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलत असतो, आणि गुडघ्याच्या वाटीवर वजनाच्या तिपटीच्या घरात दाब येतो. स्नायू दमला की झेलायचं काम सांध्यावर पडतं. त्यात इथली जमीन जांभ्याची. कडक, गुळगुळीत जमिनीवर मुरमाचे सुटे खडे पसरलेले असतात आणि त्यांवर पाय पडला की बॉलबेअरिंगच्या गोळ्यांवर ठेवल्यासारखा पुढे जातो. वाळलेलं, आडवं झालेलं गवतही तितकंच निसरडं. घाबरलेला माणूस मागे रेलतो, आणि रेलला की टाच सुटते आणि तो पाठीवर आपटतो. म्हणून गुडघे किंचित वाकलेले, अंग पावलाच्या वर, पावलं निम्मी. उतार तीव्र असेल तिथे सरळ न उतरता डावी-उजवीकडे नागमोडी जा, नाहीतर आडवं होऊन एकेक पाऊल टाका. खड्यांच्या पट्ट्यात पाय ठेवायला रुतलेला दगड किंवा गवताचा बुंधा शोधा.

काठी एक तरी हवीच. चढताना कोपर काटकोनात राहील एवढी, उतरताना वीतभर खालून धरलेली नको, उलट चार बोटं लांब. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे तुमच्या डाव्या हातात धरा, आणि उजवं पाऊल पडायच्या आधी ती टेकलेली असू द्या. बुटाची नाडी उतरायला लागायच्या आधी सोडून घोट्यापाशी पुन्हा घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकत नाही.

तीन आठवडे हातात आहेत, तेवढ्यात गुडघ्याची थोडी तयारी करून घ्या. घरातल्या जिन्याची खालची पायरी घ्या, साधारण सहा इंचांची. तिच्यावर उभं राहून एक पाय हळूहळू, तीनपर्यंत मोजत, जमिनीला टेकवायचा आणि परत वर. वरच्या पायाचा गुडघा आत वळता कामा नये, तो पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. प्रत्येक पायाला दहा वेळा, असं दोनदा, एक दिवसाआड. शेवटचे तीन दिवस विश्रांती. व्यायामानं मांडी दुखली तर चांगलं, गुडघा दुखला तर पायरी कमी उंचीची घ्या. गुडघ्यावर सूज असेल किंवा तो मध्येच अडकत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका.

जनावरांची भीती मुलीनं घातली असेलच. चंदगड तालुक्यात गवे आहेत, अधूनमधून हत्तीही उसात आणि भातात उतरतात. दोघांची वेळ अंधाराची आणि झुंजुमुंजूची, त्यामुळेच सूर्य वर आल्यावर चढायला सांगतो आहे. गवा दिसला तर थांबा, टक लावून बघू नका, त्याला जायला वाट ठेवून आल्या पावली मागे सरा. एकटा नर असेल तर अंतर आणखी वाढवा. रात्री हत्ती आल्याची बातमी गावात सकाळी सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून देवरवाडीत कुणाला तरी "वर काही हालचाल?" एवढं विचारूनच पुढे जा. साप थंडीत सकाळी उन्हाला येऊन पडतात. घोणस याच दिवसांत जास्त फिरते. बसण्याआधी दगड काठीनं ठोका आणि हात कधी फटीत घालू नका. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. पाय स्थिर ठेवायचा आणि जिथे प्रतिविष मिळतं अशा मोठ्या रुग्णालयात, म्हणजे बेळगावातच, लवकरात लवकर पोचायचं.

कातळाच्या कड्याला किंवा उंच झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर त्याखाली थांबू नका. त्या दिवशी अत्तर नको. माश्या उठल्या तर ओढणीनं चेहरा झाकून सरळ लांब निघा, एका जागी बसून हात झटकू नका. काटे नखानं लगेच खरवडून काढा. धाप लागली किंवा ओठ सुजले तर रुग्णालय. आणि वाळलेल्या गवताला कुणी आग लावलेली दिसली तर वरच्या बाजूला पळायचं नाही. आग चढाला वेगानं धावते. आडवं चालत उघड्या कातळावर किंवा आधीच जळून काळ्या झालेल्या पट्ट्यात जा.

"एकटी बाई" या मुद्द्यावर मुलीशी भांडू नका, तिची काळजी खोटी नाही. तिला व्यवस्था दाखवा. देवळातल्या गुरवांना किंवा पूजेचं साहित्य विकणाऱ्या बाईंना सांगून चढा, "वर जाऊन दहा-साडेदहापर्यंत येते." वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसानं एकट्याच का असं विचारलं तर "मागून येताहेत" म्हणा. इथे खरं बोलायचं बंधन नाही. कुणी मागे मागे येतंय असं वाटलं तर झाडीकडे न वळता गावाकडे किंवा देवळाकडे चला आणि फोनवर मोठ्यानं बोलायला लागा. धनगरांचा कळप लागला तर कुत्री अंगावर येतात. पळू नका, काठी खाली करा, थांबून मेंढपाळाला हाक मारा.

आणि निरोप. तो सहा जणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर प्रत्येकीला वाटतं, दुसरीनं बघितलं असेल. एकाच मैत्रिणीला, बेळगावातच असणाऱ्या, रात्रीच कागदावर लिहून द्या: "सोमवार. देवरवाडी, वैजनाथ मंदिराकडून महिपाळगड, पायवाटेनं वर, त्याच वाटेनं खाली. सव्वासातला सुरुवात. साडेदहाला खाली येऊन फोन करते. अकरापर्यंत फोन नाही आला तर तू कर. साडेअकरापर्यंत लागला नाही तर गाडीवाल्याला वर गावात पाठव. बारा वाजता 112." शेवटच्या ओळीशिवाय कागद अपुरा. काळजी कधी करायची हे ठरलेलं नसेल तर माणसं एकतर नऊलाच घाबरतात, नाहीतर दुपारी तीनपर्यंत "येईल की" म्हणत बसतात. खाली यायला उशीर होणार असं दिसलं तर वरूनच कळवा.

देवरवाडी आणि महिपाळगड महाराष्ट्रात आहेत, कोल्हापूर जिल्हा, तालुका चंदगड. पण जवळचं शहर बेळगाव, आणि मोबाइल कधी अलीकडच्या टॉवरला लागतो, कधी पलीकडच्या. 112 किंवा 108 ला फोन कर्नाटकातही जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव हे सगळं सांगा. नुसतं "महिपाळगडावर आहे" म्हणालात तर वेळ जाईल. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण सीमेवर रेंज शोधण्यात बॅटरी लवकर संपते. चढताना फोन विमान मोडवर ठेवा. चार्ज केलेला छोटा टॉर्च दिवसाही पिशवीत असू द्या.

जाण्यायेण्याला रिक्षा किंवा गाडी दोन्ही वेळांची ठरवून घ्या, थांबण्याच्या पैशांसकट. बसनं जाता येतं, पण हे दिवस जरा नाजूक असतात. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्या सुमाराला सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस सीमेवर थांबतात. 2022 च्या डिसेंबरात तसं झालंही होतं. तुमची परतीची बसही त्यातच येते, तेव्हा रविवारी संध्याकाळी स्थानकावर फोन करून खात्री करा. उसाचा हंगाम सुरू असल्यानं रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, पुष्कळांना मागे दिवा नसतो. पहाटे धुक्यात निघताना गाडीवाल्याला सावकाश चालवायला सांगा, आणि रस्त्यानं उतरायची वेळ आली तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं चाला.

खाली आल्यावर लगेच गाडीत बसू नका. देवळाच्या आवारात दहा मिनिटं सावकाश फिरा, मोजे बदला, राहिलेलं पाणी संपवा, मैत्रिणीला फोन करा. चारची बस धरणार असाल तर वाटेकडची जागा मागून घ्या, म्हणजे उजवा पाय अधूनमधून लांब करता येईल. निपाणीला बस थांबली की खाली उतरून चार पावलं टाका.